बाबांच्या अकरा रायफली

कांगासनिएमी,
४ मार्च

प्रिय इल्पो,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी ते फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवलंय, त्यामुळे रोज सकाळी दूध काढताना दिसतं. नाताळात तू बाबांना पाठवलेलं पत्र न फोडताच परत का आलं, आणि पाकिटावर ‘या नावाचं माझं कोणी नाही’ हे कोणी लिहिलं, असं तू विचारलं आहेस. अक्षर बाबांचंच आहे. हात थरथरत असल्यामुळे तुला ओळखू आलं नसेल. आणि ते पाकीट टपालपेटीत मी टाकलं. त्यांनी हातात दिलं, मी बाजारात जाताना टाकून आले. तेव्हा काही वाटलं नाही. आजकाल मला फारसं काही वाटतच नाही. उठते, बर्फ झाडते, शाळेत जाऊन चाळीस मुलांचं जेवण रांधते, येताना बाबांकडे जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थकवा आहे. असेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते सांगायला मला मे महिन्यापासून सुरुवात करावी लागेल. मध्येच पत्र टाकून देऊ नकोस.

मे महिन्यात नेहमीप्रमाणे वाळूच्या खाणीतल्या मैदानावर जुन्या रायफलींची स्पर्धा झाली. तुला ती सारी मंडळी आठवत असतील, सगळे सत्तरीपुढचे, कानावर टोप्या ओढून, एकमेकांच्या डोळ्यांच्या नंबरांची टवाळी करणारे. बाबा उभ्या कानांची रायफल घेऊन गेले होते. तीच, जिच्या नेमाच्या खुणेला दोन्ही बाजूंनी स्पिट्झ कुत्र्यासारखे कान आहेत, जिला तू लहानपणी ‘भुंकणारी’ म्हणायचास. चौथे आले. चौथ्याला काही मिळत नाही, पण घरी येऊन त्यांनी माझ्याकडून कॉफी आणि वेलचीचा पाव उकळला, म्हणाले, पहिले तिघे माझ्यापेक्षा तरुण आहेत. त्यांतला सर्वांत तरुण एकाहत्तरचा होता.

जूनमध्ये तू स्वीडनहून सुट्टीला आलास. त्या जेवणाची आठवण तुला करून द्यायला नको. स्मोक केलेला मासा होता, नवे बटाटे होते, आणि तू सरळ म्हणालास, “बाबा, पुरे झालं आता. कुणा संग्राहकाला देऊन टाका ना त्या रायफली.” तू प्रेमाने म्हणालास, मला ठाऊक आहे. बाबांनी काटा खाली ठेवला आणि बटाट्यांकडे बघत म्हणाले की, ज्याने सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी वर्षभर वाचनालयात पुस्तकांची धूळ झटकली, त्याने मला रायफलींबद्दल शिकवू नये. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण त्यांनी ती अशी जपलीय की कालच घडली. तू हसण्यावारी नेलंस. दुसऱ्या दिवशी तुझी बोट होती.

तू गेल्यावर आठवडाभराने बाबांनी मला कपाट उघडायला बोलावलं. किल्ली कुलपात फिरेना म्हणाले. ती फिरत होती, ते उलट्या बाजूला फिरवत होते. कपाट उघडलं तर भुंकणारी नेहमीच्या जागी नव्हती, कोपऱ्यात टेकवून ठेवली होती. मी तिचा बोल्ट काढला आणि नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. तुला या सगळ्याचा कंटाळा यायचा, पण एवढं तुलाही माहीत आहे की, त्या जुन्या काडतुसांच्या बुडातल्या मसाल्याचा क्षार नळीत उरतो, तो तेलाने निघत नाही, आणि त्याच दिवशी उकळतं पाणी ओतलं नाही तर नळी गेली. आपल्या घरात मैदानावरून आल्यावर आधी किटली चढायची, मग बाकी सगळं. मी सात वर्षांची असल्यापासून नरसाळं धरून उभी राहायचे. आई वारली त्या वर्षीही त्यांनी एकदासुद्धा चुकवलं नव्हतं. आता नळीच्या आत लालसर तपकिरी खपल्या होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी बाबांना दाखवलं. ते आत डोकावून म्हणाले, “ही माझी नव्हे. कुणीतरी बदलली.” तिच्या दस्त्यावरची पितळी चकती, तिच्यावरचा तुकडीचा नंबर, सगळं तेच होतं. 

मग मी कौकोकाकांकडे गेले. पन्नास वर्षं बाबांच्या शेजारी पडून गोळ्या झाडलेला माणूस, त्यांना काही दिसलं असेल तर कळेल म्हणून. ते जळण फोडत होते, कुऱ्हाड खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. मग सांगितलं. मेमधल्या स्पर्धेत, पाळी येण्याआधी, बाबा भरलेली रायफल हातात घेऊन मागे वळले होते. “नळी माझ्या पोटावर होती, विर्वे, आणि बोट चापावर,” काका म्हणाले, “आणि मला विचारतोय, माझा नंबर पुकारला का रे म्हणून. मी हसलो. दुसरं काय करणार? हळूच नळी बाजूला सारली. घरी आलो तर जेवण जाईना.” त्यांनी हे मैदानावर कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाबांचं नाव यादीतून कटलं असतं. माझ्या तोंडून हे निघायचं नाही, तूच काय ते बघ, असं म्हणून ते पुन्हा जळणाकडे वळले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते ऐंशी वर्षांचे आहेत, आणि रडत होते.

ऑगस्टभर मी काही केलं नाही. बाबा अधूनमधून कपाट उघडून बसायचे, रायफली मांडीवर घेऊन पुसायचे. मी दारातून बघायचे, नळी कुठे वळलीय ते. तुझी भाची जोहान्ना तिच्या दोन्ही मुलांना घेऊन राहायला येणार होती, तिला मी माझ्या घरात ढेकूण झालेत असं खोटंच सांगितलं. पणजोबांकडे पतवंडांना पाठवायची भीती वाटते, हे आईला आपल्या पोरीला सांगता येत नाही.

सप्टेंबरच्या मध्याला पोलिस आले. एक पोक्त गृहस्थ आणि एक तरुण मुलगी. दोघांनीही दाराशी बूट काढले, तिच्या मोज्याला भोक होतं. बाबांना आधी वाटलं की परवान्यांची तपासणी आहे. त्यांनी टाय लावला. मग एकेक रायफल स्वतःच्या हातांनी काढून दिली, आणि प्रत्येक वेळी तिची हकिकत सांगितली, ही कुठल्या कारखान्यातली, ही कुठल्या आघाडीवरून परत आली, ही मी सायकलवर बांधून आणली. एकीच्या दस्त्यावर कुणा शिपायाने चाकूने ‘एल्सा’ कोरलंय, तुला आठवेल. त्या मुलीने विचारलं, एल्सा कोण? बाबा म्हणाले, “चाळीस वर्षं मी तेच विचारतोय. तुझी आजी तर नव्हे ना?” ती हसली. बाबाही हसले. अकरा रायफली गाडीत गेल्या. कागदावर सही करताना त्यांना कळलं की ही तपासणी नव्हे. पेन तसंच धरून ते म्हणाले, “कुणी कळवलं?” पोलिसाने सांगितलं की ते सांगता येत नाही. बाबांनी मान हलवली आणि सही केली. “सांगू नका,” ते म्हणाले, “माझ्याच पोराने. स्वीडनमध्ये बसून.”

मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात कॉफीचं भांडं घेऊन उभी होते. सगळ्यांना कॉफी ओतली. पोलिसांनी नको म्हटलं तरी ओतली.

त्यानंतर तुझं नाव घरातून गेलं. तू फोन करायचास तेव्हा मी तुला सांगायचे की बाबा झोपलेत, बाबांना ऐकू येत नाही, बाबांचा मूड नाही. ऐकू येत नाही हे तरी खरं होतं, पन्नास वर्षं कानात बोळे न घालता गोळ्या झाडल्यात त्यांनी. रायफली वयामुळे जमा कराव्या लागल्या, नियमच आहे तसा, असं मी तुला सांगितलं. तू म्हणालास, बरं झालं, सुटले. मी हो म्हटलं. इकडे बाबा कौकोकाकांना, टपालवाल्याला, शुश्रूषागृहातल्या बायकांना सांगत होते की मुलाने चहाडी केली. जानेवारीत त्यांना तिथे हलवलं तर पहिल्याच दिवशी शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला सांगून मोकळे. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. माझं नाव कधी कधी आईच्या नावाशी गल्लत होऊन येतं. पण तू चहाडी केलीस हे ते विसरत नाहीत.

इल्पो, बाबांच्या डॉक्टरकडे मी गेले होते. तू नाही, कौकोकाका नाहीत, मी. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, शाळेतून परस्पर. मी नळीच्या गंजाचं सांगितलं, काकांच्या पोटाचं सांगितलं, आणि डॉक्टर म्हणाल्या की मग मला पोलिसांना कळवावंच लागेल. मी म्हटलं, कळवा. त्या दिवशी ती गोष्ट मला बरोबर वाटली होती, आजही वाटते. पण बाबांनी खापर तुझ्या डोक्यावर फोडलं तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. मला रोज त्यांच्या घरी जायचं होतं, त्यांचे पाय धुवायचे होते, त्यांना जेवू घालायचं होतं. तू लांब होतास. तुला ओझं वाटणार नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं. हे लिहितानाही हात नेहमीसारखाच चालतोय. लाज वाटते आहे, एवढं कळतंय. बाकी अंग झोपल्यासारखं आहे.

तुझं पत्र आल्यानंतरच्या शनिवारी मी बाबांना सांगितलं. त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, शेजारच्या म्हाताऱ्यालाही ऐकू गेलं असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “तू?” मी हो म्हटलं. मग पांघरुणाची कड चाचपली. मला वाटलं, आता हाकलतील. ते म्हणाले, “मग इल्पोला बोलाव. त्याला म्हणावं, बाप चुकला.” मी बाहेर व्हरांड्यात गेले, मोबाईलवर तुला लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं. आत आले तेव्हा त्यांनी विचारलं, कुणाला लिहितेस? मी तुझं नाव घेतलं. तोंड फिरवून म्हणाले, त्या चहाडखोराचं नाव इथे काढू नकोस. घड्याळात दहा मिनिटं झाली होती.

त्यानंतर मी रोज सांगते. शाळेतून जाते, कोट काढते, खुर्ची ओढते आणि सांगते, बाबा, मी कळवलं. ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकतात. एकदा त्यांनी पाण्याचा पेला माझ्या अंगावर फेकला, एकदा म्हणाले की योग्य केलंस. पण शेवटी रोज तेच म्हणतात, इल्पोला बोलाव. आणि मग ते डोक्यातून जातं. काल नर्स म्हणाली, एप्रिल उजाडेल असं धरून चालू नका. म्हणून हे पत्र. मला माफ कर असं म्हणायला लिहिलेलं नाही, ते तुझं तू ठरव, बोलणं सोडलंस तरी मी समजेन. पण बोट पकड आणि ये. खोलीच्या बाहेर एक बाक आहे, त्यावर बस. मी आत जाऊन सांगेन, आणि ते तुला बोलवायला सांगतील तेव्हा दार उघडेन. तू लगेच आत ये.

तुझीच,
विर्वे