दुसऱ्या खंडातली चेटकीण

प्रिय सभापती,

मला बोलताना थांबवू शकणारी घरात तू एकटीच, म्हणून हे नाव पडलं. तू वेगळं बिऱ्हाड केल्यापासून मला कुणी थांबवत नाही. त्याचे परिणाम वाच.

वाटणीच्या वेळी तुझ्या त्या ड्रॅगनच्या सात खंडांतही मी अर्धा वाटा मागितला होता. एक पान वाचलेलं नव्हतं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व! तू एकाआड एक खंड माझ्यापुढे ठेवलेस आणि हसलीस. का हसलीस, ते आत्ता कळतंय.

जन्मभर मी असल्या पुस्तकांना पळपुट्यांचं साहित्य म्हणत आलो. तो आरोप मागे घेतो, सगळा नाही. सहाशे पानं ड्रॅगन उडतो, पण त्याची लीद कोण काढतो, हे एका ओळीतही नाही! वाचनालयातून अंतराळातली एक कादंबरी आणली, तिथेही तेच. यंत्रमानव अहोरात्र राबतो आणि शेवटी विचारतो, ‘मी कोण?’ अरे बाबा, आधी ‘माझी पाळी किती तासांची?’ हे विचार! तरीही खरं सांगतो, पहिल्या खंडात ड्रॅगनची पिल्लं राजवाड्यातून पळाली, तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. शेजारीण विचारायला आली, बरं आहे ना म्हणून.

मग बाटल्यांच्या कारखान्याच्या फाटकावरच्या सभेत मी ती पिल्लं दाखला म्हणून सांगितली. पुढच्या सभेला दुप्पट माणसं! वेतनवाढीवर तोंड उघडतो तोच पॅकिंगमधली मावशी ओरडली, “ते राहू द्या दादा, पिल्लांचं काय झालं?” दुसरा खंड तुझ्याकडे. मी कधी श्रोत्यांना रिकाम्या हातांनी पाठवलंय? रचला आपला. त्यात जोर यावा म्हणून पहिल्या खंडातल्या म्हाताऱ्या चेटकिणीला पिल्लांकडून जाळून टाकलं. काय टाळ्या पडल्या!

तिसऱ्या सभेत तिसरा खंड सरळ उघडून वाचायला लागलो. पहिल्याच पानावर चेटकीण खिडकीत केस विंचरत बसलेली. फिटरकाका उभे राहिले. “दादा, ही मेली होती ना?” मी क्षणभरही न अडखळता म्हणालो, “मेल्याची अफवा मालकांनी पसरवली होती!” पहिल्यांदाच माझ्या वाक्याला टाळी पडली नाही. सगळे हसत सुटले. काका म्हणाले, “मालकांना उगाच कशाला मध्ये घेता? पुस्तक वाचलेलं दिसत नाही तुम्ही.”

शेवटी खरं सांगावं लागलं: मधले खंड बायकोकडे आहेत. मावशीने लगेच विचारलं, “आणि बायको?”

काल दुकानात दुसरा खंड दिसला. हातात घेतला आणि परत ठेवला. तो वाचून माझं भागणार नाही. मला तो तुझ्या तोंडून ऐकायचा आहे. सभेनेही ठराव केलाय, की ज्याने वाचलंय त्यानेच सांगावं. सूचक फिटरकाका, अनुमोदक मावशी, एकमताने मंजूर. शनिवारी पाळी सुटल्यावर ये. ध्वनिक्षेपक तुझा, मी खाली लोकांत बसेन. सभा संपल्यावर घरी चहाला येशील का, हा मुद्दा ठरावात नव्हता. तो माझा एकट्याचा आहे, त्याला अनुमोदक मिळालेला नाही.

तुझाच,
वक्ता