पिठाची पुडी

२ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. खोकला आहे, पण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज शेगडी पेटवतो, घर छान उबदार असतं.

एक काम आहे. पडवीतल्या सरपणाखाली पीठ पडतंय. त्यावरच्या चादरीची कड उचलून पाहिलं तर लाकडांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. जन्मभर सुतारकी केली, पण सरपणातल्या किड्यांशी ओळख नाही. माझ्या कपाटांना लागतील का? पुडी पाठवतोय, तुमच्या शाळेतल्या किडेवाल्या सरांना दाखव. जावईबापूंना आशीर्वाद. पत्राची वाट पाहतो.

तुझे बाबा

९ डिसेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पुडी मिळाली. ह्यांना सुंठ वाटली. चहात पडता पडता वाचली. सर म्हणाले, इतकं मऊ पीठ पाडणारे भुंगेरे वाळक्या लाकडात होतात, दोन-तीन वर्षं न हलवलेल्या. कपाटांनाही लागतील. सरपण लवकर जाळून टाका म्हणाले.

बाबा, रोज शेगडी पेटते, मग लाकूड जागचं हललं कसं नाही? स्वतःची चोरी स्वतःच टपालाने पाठवलीत! ती रास आईने रचलेली, हो ना? दवाखान्यात जाण्याच्या आदल्या आठवड्यात. तुम्ही तीन हिवाळे कुडकुडत काढलेत आणि मला उबेच्या गोष्टी लिहिल्यात. मला खूप रडू आलं, रागही आला. तुमचाच खडू घेऊन डब्याडब्यावर हुकूम लिहिणारी बाई ती. तिने लाकडं काय झाकून ठेवायला रचली होती?

माझा राग मनात ठेवू नका, माया ठेवा.

तुमची भिंगरी

१६ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पकडलंस. तिला स्मशानात पोचवून आलो त्या दिवशी राशीवर चादर टाकली ती टाकलीच. तिचा हात लागलेली रास मोडवेना गं. स्वेटरवर स्वेटर चढवून बसायचो.

तुझं पत्र वाचून काल चादर काढली. अर्धी लाकडं भुंगेऱ्यांनी पोकळ केलीत. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त अक्कल. वरच्या ओळीत एका लाकडाच्या कापलेल्या टोकावर खडूची अक्षरं दिसली: ‘अहो, थंडी पडली की आधी ही ओळ. खोकला सांभाळा.’

मग शेगडी पेटवली. अक्षरांचं लाकूड बाजूला ठेवणार होतो, पण ठेवलं नाही. हुकूम ‘आधी ही ओळ’ असा होता. फार ऊब आली.

अशीच रागावत जा.

तुझे बाबा