दुकानछाप डाळीवर उभी राहिलेली खानावळ

मी, निर्मला भिमाजी येवले, वय सहासष्ट, धंदा खानावळ, राहणार कार्ले, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे सोडले तर शरीराचीही तक्रार नाही. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. धाक दाखवून पाहिला आहे, पण त्याचा उपयोग झालेला नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

लोणावळ्याच्या वकीलबाईंनी मसुदा करून दिला. त्यात माझ्या गोष्टी मी घातल्या. त्या म्हणाल्या, "मावशी, एवढं लिहायची कायद्याला गरज नाही." मी म्हटले, "कायद्याला नसंल. माझ्या माघारी भांडणाऱ्यांना हाय."

१. माझी माणसे. पती भिमाजी तुंगार्लीच्या एका बंगल्यावर माळी होते. ते २०१४ साली हृदयविकाराने वारले. मुलगा विकास तळेगावला कारखान्यात आहे, सून प्रेरणा त्याच्यासोबत तिथेच राहते. मुलगी उज्ज्वला चाकणला दिली होती. तिच्या नवऱ्याने दुसरा संसार मांडला, तेव्हा ती रीतसर सोडचिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली आणि त्या दिवसापासून माझ्या बरोबरीने खानावळ चालवते. आमच्या घराच्या पुढच्या निम्म्या भागात माझे थोरले दीर रखमाजी आणि जाऊ झुंबरबाई राहतात. तिथेच रखमाजींचे किराणा दुकान आहे.

२. घर. मागच्या दोन खोल्या, त्यापुढची ओसरी व परसू ही माझ्या पतीची वाटणी. ती त्यांनी हयातीत नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. त्यात इतर कोणाचाही हिस्सा नाही. ही संपूर्ण मिळकत मी माझी मुलगी उज्ज्वला हिला देते. ती लग्न होऊन गेली होती, मग परत आली, म्हणून तिचा हक्क कमी होतो असे जो म्हणेल, त्याने हे कलम पुन्हा वाचावे.

विकासला हे मान्य आहे. मी त्याला समोर बसवून विचारले. तो म्हणाला, "आई, मी तितं राहायला येणार न्हाई. ती राहती. तिचंच हाय." पोरगा कधीकधी माझ्यावर गेलेला दिसतो.

३. खानावळ. ती कशी उभी राहिली हे लिहिल्याशिवाय घराची किंमत कोणाला कळणार नाही.

हे गेले तेव्हा रखमाजी भावजींनी सगळे पाहिले. तेराव्यापर्यंत घरात दाणा कमी पडू दिला नाही, हे मी विसरलेले नाही. पण त्यानंतर पोट माझे मलाच भरायचे होते. मी ओसरीवर खानावळ सुरू केली. फुलांच्या पॉलिहाऊसवरची मुले, हॉटेलातले वेटर, लेण्यांच्या पायथ्याला प्रवासी सोडून थांबलेले ड्रायव्हर असे गिऱ्हाईक येऊ लागले. माल अर्थातच भावजींच्या दुकानातून घेत होते. भिंतीला भिंत लागून दुकान असताना दुसरीकडे कोण जाणार?

ताटाचा दर वाढवला की मुले येईनाशी व्हायची. नाही वाढवला तर माझ्या हाती काही राहायचे नाही. एकदा गुडघ्याच्या औषधासाठी लोणावळ्याला गेले होते, तेव्हा तिथल्या नव्या सुपरमार्केटात शिरले. महाग, जाहिरातीतला माल डोळ्यांसमोर मांडलेला. अगदी खालच्या फळीवर साध्या पांढऱ्या पाकिटांत त्या दुकानाच्या स्वतःच्या नावाचा माल होता. तूरडाळ, साखर, पोहे, शेंगदाणे, मीठ, भांडी घासायची पावडर. मी गुडघे दुखत असताना खाली बसले आणि एकेक पाकीट उलटून मागचे बारीक अक्षर वाचले. किलोमागे भाव किती, तारीख कोणती, आत काय आहे. आणि भाव वाचून तिथेच जमिनीवर बसून राहिले. दुकानातली मुलगी धावत आली, "आजी, चक्कर आली का?" मी म्हटले, "न्हाई गं, आता उतरली."

पहिल्या खेपेला लहान पाकिटे आणली. आधी घरात शिजवून पाहिली. डाळ शिजायला जरा वेळ घेते, म्हणून भिजत घालू लागले. चवीत उणे काढता येईना. पुढच्या आठवड्यापासून गावातल्या नथूच्या सहा आसनी रिक्षातून पिशव्या येऊ लागल्या.

त्या पिशव्या दुकानासमोरूनच न्याव्या लागत. भावजी तिसऱ्या खेपेला आडवे आले.

"निर्मला, घरात दुकान असताना तू लोणावळ्याचा दुकानछाप माल आणतीस? गावानं काय म्हणावं?"

"भावजी, तुमी त्याच भावानं डाळ द्या, मी हितनंच घेते."

"त्या भावानं मला परवडत न्हाई."

"मग तुमच्या भावानं मलाबी परवडत न्हाई."

एवढेच बोलणे झाले. मी आवाज चढवला नव्हता. पण बाजूला गिऱ्हाईक उभे होते आणि ते हसले. ते हसणे भावजींच्या मनात राहिले.

४. भावजींनी काय केले आणि मी काय केले. आधी त्यांनी बोलायला सुरुवात केली. निर्मलाच्या खानावळीत हलका माल, कचऱ्यातली डाळ, पोरांची पोटे बिघडतात. कोणाचेही पोट बिघडले नव्हते, पण निम्मे गिऱ्हाईक गळाले. विकास म्हणाला, माल डब्यांत ओत आणि पाकिटे फेकून दे, कोणाला कळतंय? मी उलटे केले. ओसरीवर फळी ठोकली आणि सगळी पाकिटे नाव दिसेल अशी मांडली. दारावर खडूने लिहिले, "येथे दुकानछाप मालाचा स्वयंपाक होतो. पाकीट पाहून जेवावे." पॉलिहाऊसच्या मुलांनी पाकिटे उलटसुलट करून पाहिली, खूप हसली आणि जेवायला बसली. त्यांतल्या एकाने तेच पाकीट आपल्या आईसाठी कुरवंड्याला नेले. महिनाभरात ओसरी पुन्हा भरली.

मग भावजींनी दुकान आणि आमची भिंत यांमधल्या बोळाला लोखंडी दार बसवून कुलूप लावले. रस्त्यावरून ओसरीवर यायला गिऱ्हाइकाला तेवढीच वाट होती; आम्हा मायलेकींना शेजाऱ्यांच्या परसातून जेमतेम जाता येई. मी किल्ली मागितली. म्हणाले, "चोऱ्या लय होत्यात." मी म्हटले, "चोर जेवायला येत न्हाईत, भावजी." किल्ली मिळाली नाही.

त्या दिवशी केलेला भात तसाच राहिला. उज्ज्वला रडू लागली. म्हणाली, "आई, बंद करू. मी कुटंतरी कामाला जाते." मी तिला म्हटले, "तू कांदा चिर. उद्याचं जेवण उद्या व्हायला पाहिजे." आणि गवंडी शोधायला गेले.

परसाची मागची भिंत दगडाची, हातभर जाड. गवंडी म्हणाला, "मावशी, ही फोडायची म्हंजी चेष्टा न्हाई." मी म्हटले, "मी चेष्टा करायला बोलावलंच न्हाई." किराण्यात वाचलेले पैसे मी वेगळ्या खात्यात टाकत होते, तेच या कामाला लागले. भिंत फुटेपर्यंत आम्ही मायलेकींनी डबे भरून रिक्षातून पॉलिहाऊसवर पोचवले. मग मागे दार झाले. ते जुन्या रस्त्याकडे उघडते, तिथे ड्रायव्हर गाड्या सावलीला लावतात. पूर्वी येत नव्हते तेवढे लोक त्या दाराने येऊ लागले.

म्हणून सांगते, मागचे दार कोणी बुजवू नये. बोळातला अर्धा हक्क माझा आहे, तोही उज्ज्वलास देते. त्यासाठी कोर्टात जायचे की नाही ते तिने ठरवावे. मी गेले नाही, कारण तेवढ्या पैशात वर्षाची डाळ येते.

५. खरेदीबाबत उज्ज्वलेस सूचना. दुकानछाप आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नये. डाळी, साखर, पोहे, मीठ, फरशी पुसायचे औषध जरूर घ्यावे. त्यांची क्रीमची बिस्किटे भिकार आहेत. हळद-तिखट तिथले नको. मिरची कामशेतच्या बाजारातून आणून कांडून घ्यावी. चहा निम्मा त्यांचा, निम्मा सुटा. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असतेच असे नाही, किलोचा भाव काढून पाहावा. आणि वाचले म्हणून ताटात कमी वाढू नये. वाचवायचे ते दुकानात, जेवणाऱ्याच्या पोटातून नाही.

६. वडिवळ्याचे भातखाचर. वडिलांकडून माझ्या वाट्याला आलेले खाचर मी विकासला देते. त्याने ते विकू नये अशी माझी इच्छा आहे. खानावळीला लागणारा इंद्रायणी तांदूळ त्याने बहिणीला बाजारभावाने द्यावा. फुकट देऊ नये, तिनेही फुकट मागू नये.

७. दागिने. बोरमाळ आणि पाटल्या प्रेरणाला. विकासच्या लग्नाच्या बैठकीला त्याने माझ्या नकळत महागाचा चहा आणून ठेवला होता. घाईत मी नेहमीचा दुकानछापच केला. प्रेरणाच्या आईने आत येऊन पाकीट पाहिले. विकासचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडंबी हाच." मी तेव्हाच मनात सोयरीक पक्की केली.

८. बँकेतील शिल्लक. आधी दवाखान्याचा आणि अंत्यविधीचा खर्च भागवावा. उरेल ते उज्ज्वलाचे. त्यातून तिने मोठा फ्रीज घ्यावा. माझ्या तेराव्याचे जेवण याच चुलीवर, याच मालाचे व्हावे. कोणी नाक मुरडले तर पाकिटे पुढे ठेवावीत.

९. रखमाजी भावजींना मी काही देत नाही. रागाने नाही. त्यांना माझ्या खोल्या हव्या आहेत, पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी. "पोरगी परक्याची, वास्तू येवल्यांची," असे ते चारचौघांत बोलले आहेत, आणि माझ्यामागे दावा लावीन असेही. त्यांनी तो खुशाल लावावा. उज्ज्वलेने घाबरू नये.

१०. झुंबरआक्का. मागचे दार झाल्यावर काही दिवसांनी भर दुपारी माझी जाऊ त्या दाराने आत आली. किराणा दुकानदाराची बायको, पण बोलली हळूच. "निर्मले, भांड्याची पावडर दे गं थोडी. आमच्या दुकानातल्यानं हाताची सालं निघत्यात." मी दिली. तेव्हापासून ती रोज येते, बसते, शेंगा सोलते. घरात तिला कोणी दोन शब्द विचारत नाही. मी तिला या मृत्युपत्रात काही द्यायचे ठरवले होते. तिने ऐकले नाही. म्हणाली, "मला काय नगं. मला साक्षीला घे." वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराने काही घेऊ नये ते बरे. मी तिला विचारले, "आक्का, घरात भांडण होईल, ठावं हाय ना?" ती म्हणाली, "व्हय. होऊ दे."

११. विकासला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमते.

१२. आज सह्यांच्या वेळी घडले ते लिहून मग सही करते.

आम्ही खानावळीत बसलो होतो. डॉक्टर, नथू, आक्का आणि मी. उज्ज्वलेला मी मुद्दाम बाहेर पाठवले होते. भावजी आले आणि उंबऱ्यात उभे राहिले. माझ्याकडे पाहिले नाही. आक्काला म्हणाले, "झुंबर, ऊठ. कशावरबी सही करायची न्हाई. घरी चल."

आक्का उठली नाही. तिने डॉक्टरांकडून पेन मागून घेतले.

"काय म्हणलो मी? घरी चल."

"ह्येबी घरच हाय," ती म्हणाली. "तुमी व्हा म्होरं. माझी सही झाली की येते."

भावजी निघून गेले. आक्काने मला म्हटले, "लिही आता बिगीनं, भात करपतोय."

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, तो माझ्या मनासारखा आहे. दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमक्ष केली.

सही: निर्मला भिमाजी येवले

साक्षीदार:
१. झुंबरबाई रखमाजी येवले, राहणार कार्ले
२. नथू बारकू गरुड, धंदा रिक्षा, राहणार कार्ले

स्थळ: कार्ले, तालुका मावळ, जिल्हा पुणे
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५