लपणात बोलायचं नसतं

प्रिय शिवानी,

फोनच करणार होते, पण फोनवर माझं मनातलं अर्धं मनातच राहतं. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा कन्नडमधली, मराठी लिहिणं आईनं घरी शिकवलेलं. तू पुण्याची; शुद्धलेखनाकडे स्वल्प कानाडोळा कर.

रविवारचे फोटो आज निवांत बघितले. तो नारिंगी डोक्याचा कस्तूर पक्षी पाण्यात अंग फडफडवतोय ना, तो झकास आलाय. उडालेला थेंब न् थेंब वेगळा दिसतो. खालच्या मजल्यावरच्या सुलभाअक्कांना दाखवला तर चष्मा पुसून पुन्हा बघितला त्यांनी. म्हणाल्या, "तुम्ही काढला? निजवागलू?" मी म्हटलं, खरंच, मीच काढला. 'मीच' हा शब्द किती दिवसांनी माझ्या तोंडून निघाला असेल!

तुला आठवतं, यांच्या जाण्यानंतर मी कशी झाले होते? त्यात वर्षाच्या आत तू आणि माझा प्रणीत वेगळे झालात. भांडण नाही, तंटा नाही. दोघंही दमला होतात, एवढं मला दिसत होतं. तो सिंगापूरला गेला, तू शहराच्या दुसऱ्या टोकाला व्हाइटफील्डला खोली घेतलीस, आणि बनशंकरीच्या या घरात मी माणसाचा आवाज हवा म्हणून टीव्ही चालू ठेवायला लागले. दूधवाल्याशी बोलणं, तेवढंच बोलणं. अशातच एका रविवारी पहाटे तू दारात. मला वाटलं, तुझं काही सामान राहिलं असेल ते न्यायला आलीस. तू म्हणालीस, "चला आई, स्वेटर घाला. लांब जायचंय." कुठे, कशाला, काही नाही. अख्खं शहर ओलांडून तू आली होतीस, त्यामुळे नाही म्हणायचं मला सुचलंच नाही.

कनकपुरा रस्त्यावरून आत कुठेतरी कार्तिकचं ते शेत, पाखरांचे फोटो काढणाऱ्यांसाठी त्यानं तिथे लपायची जागा केलेली. तो तिला हाइड म्हणतो, मी लपण म्हणते. हिरव्या कापडाची बुटकी खोली, कापडाला भोकं, भोकांतून बाहेर काढलेल्या लेन्सा, समोर पाण्याचं उथळ डबकं आणि त्यावर वाकवलेली एक वाळकी फांदी. कार्तिकनं आधीच बजावलं, "अम्मा, मातु बेडा." बोलायचं नाही. मला हसूच आलं. घरी तरी दुसरं काय करत होते मी? पण ते गप्प बसणं निराळं निघालं. घरात कुणी येणार नव्हतं. इथे कुणीतरी येणार होतं, आणि शेजारी तू होतीस.

तुझा जुना कॅमेरा तू माझ्या हातात दिलास. माझी बोटं आखडलेली, बटण दाबेपर्यंत पाखरू भुर्र. पहिल्या दिवशी नुसत्या फांद्या आल्या, आणि एक कुणाचं तरी शेपूट. तू त्या शेपटाचा फोटो फ्रेम करून आणलास. अगं, त्या फ्रेमकडे बघून मी किती दिवसांनी मोठ्यानं हसले!

मग रविवार आपलेच झाले. लोक बोलायचे. माझ्या नणंदबाईंनी तोंडावर विचारलं, "सून गेली, आता तिच्याबरोबर कसलं फिरणं?" मी "सरी, सरी", बरं बरं, म्हटलं आणि कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली. प्रणीतलाही आधी जड गेलं. फोनवर म्हणाला, "अम्मा, तू अजून तिच्याबरोबर जातेस?" मी जाते म्हटलं.  मग म्हणाला, "आवाज बरा वाटतोय तुझा. जात जा." तो मनानं वाईट नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. रविवारी लपणात तू माझ्या कानाशी वाकून म्हणालीस, "आई, मी त्रिविक्रमशी लग्न करतेय. तुम्हाला चालेल ना?" त्याच क्षणी समोर नवरंग उतरला, सगळ्यांचे कॅमेरे कडकडले, आणि मी तशीच पुढे बघत राहिले. परतताना गाडीतही माझ्याकडून "हळू चालव"च्या पुढे शब्द निघाला नाही. तू मला सोडलंस तेव्हा तुझा चेहरा उतरलेला होता. तुला वाटलं, मी रागावले. बाळा, त्या नवरंगाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. डोळेच भरले होते, दिसणार काय? तुझी आई असती तर तिला आधी सांगितलं असतंस. ते तू मला सांगितलंस, हे माझ्या घशाखाली उतरायला दोन दिवस लागले. मला चालेल काय विचारतेस? तू मला उन्हात आणून बसवलंस. तुझं घर आता पुन्हा भरतंय, तर मला आनंद नको? त्रिविक्रमला येत्या रविवारी घेऊन ये, गप्प बसता येतं का बघू त्याला. आणि रजिस्टर लग्नाला साक्षीदार लागतात म्हणे, तर एक सही माझी. तिथल्या साहेबांनी मुलीशी नातं काय म्हणून विचारलं, तर तू गोंधळू नकोस. उत्तर मी देईन.

तुझीच,
आई