नवव्या दिवशी बंद पडणारी पेटी

८ जुलै २०२५, मंगळवार

पुन्हा बंद! बारा पेट्यांपैकी अकरा चालू, आणि बंद पडते ती नेमकी नानांच्या चाळीतली. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या! ऑफिसात सगळ्यांना हसायला विषय.

पेटीचं काम साधं. सायखेड्यात कांदा साठवायच्या बांबूच्या चाळींमध्ये टांगलेली असते, दर सेकंदाला वास घेते. आत कांदा सडायला लागला की माणसाच्या नाकाआधी हिला कळतं आणि मालकाच्या फोनवर निरोप जातो. आतला प्रोग्राम माझा. हास्केल नावाच्या अवघड संगणकी भाषेत लिहिलाय, हट्टाने. आमचे बॉस महेश सर तेव्हाच म्हणाले होते, "ललिता, सोप्या भाषेत लिही, पुढे त्रास होईल." झाला.

फोन केला. नानांनी पहिल्याच रिंगला उचलला. वायर काढून परत लावायला सांगितली. "लावतो. पण फोन ठेवू नको हां, हिरवा दिवा लागेस्तोवर." वास घेणारा भाग तापायला आठ मिनिटं लागतात. आठही मिनिटं नाना बोलत होते — नदीला पाणी किती चढलं, शेजारच्या बयाबाईची म्हैस व्याली, बाईने खरवस आणून दिला. आई गेल्यापासून घरात एकटेच. मी हं हं करत दुसऱ्या स्क्रीनवर कोड वाचत होते.

१७ जुलै

बंद. बरोबर नऊ दिवस. घड्याळ लावल्यासारखी!

नाना : "मी चपला घालूनच बसलोय. आज नववा दिवस ना?"

लाजच वाटली.

१९ जुलै

महेश सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सप्टेंबरात दोनशे पेट्या बसवायच्या आहेत. "बारातली एक बंद पडते, तर दोनशेतल्या किती? ऑगस्ट अखेरपर्यंत कारण सापडलं नाही, तर पुण्याच्या मुलांकडून सगळं नव्याने लिहून घेणार." वाईट बोलले नाहीत, तेच वाईट. दीड वर्ष! ओळन् ओळ माझी आहे.

२१ जुलै

मोजायला बसले. नानांच्या पेटीचे नऊ दिवसांचे वास इथल्या मशीनवर परत चालवले, दहा मिनिटांत. आधी वेळ मोजला : कोणतं फंक्शन किती वेळ खातं. काही नाही. प्रोग्राम बहुतेक वेळ झोपलेलाच असतो.

मग मेमरी मोजली. आलेख आला आणि मी बघतच राहिले. डोंगर! खालून निघतो, चढत जातो, उतरतच नाही. आमच्या अंबडच्या ऑफिसच्या खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, ढगांनी अर्धा झाकलेला. एकदा तो बघितला, एकदा हा. चहा गार झाला. कुणीतरी आत काहीतरी साठवतंय, रोज, गुपचूप. इतकं काय साठवत असेल?

२४ जुलै

डोंगर कशाचा ते कळलं. ही भाषा आळशी आहे. बेरीज सांगितली तरी करत नाही. "विचारशील तेव्हा करीन" अशी चिठ्ठी लिहून ठेवते. दर सेकंदाचा वास सरासरीत मिळवायचा, तर ही चिठ्ठीवर चिठ्ठी ठेवते. नऊ दिवसांत पावणेआठ लाख चिठ्ठ्या, मग जागा संपते.

पण मग बाकीच्या अकरा पेट्या का जगतात? प्रोग्राम तोच, भाषा तीच!

आज जेवताना डबा उघडा ठेवून तंद्री लागली. चाळीच्या बांबूंमधून वारा येतोय, आत कांद्यांऐवजी चिठ्ठ्या रचलेल्या, सगळ्यांवर एकच शब्द : नंतर. शेजारच्या टेबलावरची उज्वला म्हणाली, "अगं भाजीत माशी बसली."

२६ जुलै

बंद. वायर. आठ मिनिटं. नानांनी विचारलं, जेवतेस ना वेळेवर? हो म्हटलं.

आतली सरासरी काय होतेय ते बघायला दर मिनिटाला ती छापणारी एक ओळ घातली आणि पेटीत पाठवून दिली.

४ ऑगस्ट

नऊ दिवस झाले. पेटी चालू!! काय बदललं कोण जाणे, पण चालू! उज्वलाला वडापाव दिला. नानांना फोन करायचं कारणच उरलं नाही.

६ ऑगस्ट

काम झालं म्हणून छापायची ओळ काढून टाकली. महेश सर खूश. म्हणतात, तुझ्या वडिलांची चाळ गिऱ्हाइकांना दाखवायला नेऊ, तिथून अजून एकदाही सडल्याचा निरोप आलेला नाही. सगळ्यांचा कांदा पावसाळ्यात थोडाफार सडतो, नानांचा एकही नाही! निवडून भरला असणार. अभिमान वाटला.

१५ ऑगस्ट

बंद.

रडले. खरंच, बाथरूममध्ये जाऊन.

नाना मात्र खुशीत. "बरेच दिवसांनी पडली!" आठ मिनिटांत पोळ्याचा विषय काढला. "पुढच्या शुक्रवारी पोळा हाय. बयाबाई पुरण घालनार हाय. येऊन जा." म्हटलं, बघू, हे काम संपलं की नंतर येते. "ये नंतर. घाई नाय."

१८ ऑगस्ट

मूर्ख मी! ओळ घातली तेव्हा बरी, काढली तेव्हा आजारी. म्हणजे ओळच औषध होती. छापायचं तर आकडा लागतो, आकडा हवा तर सगळ्या चिठ्ठ्या फोडाव्याच लागतात. माझं नुसतं बघणंच तिला बरं करत होतं आणि मी बघायचं थांबवलं.

मग बाकीच्या पेट्यांकडे कोण बघतं? म्हणून बयाबाईंना फोन केला. त्यांची चाळ नानांच्या चाळीला लागून, त्यांची पेटी एकदाही पडलेली नाही. बाई म्हणाल्या, "माझा नाय बाई इस्वास त्या डब्यावर. येता-जाता बटन दाबते, सांग म्हनते कांदा कसा हाय. इचारल्याबिगर कोन सांगतं व्हय?"

फोन ठेवला आणि सरासरी कुठे कुठे लागते ते कोडमध्ये शोधायला बसले.

१९ ऑगस्ट

सगळं जुळलं. सरासरी दोनदाच लागते : कुणी पेटीवरचं बटण दाबून विचारलं तर, किंवा वास संशय येण्याइतका वाढला तर. दहा चाळींत कधी ना कधी वास वाढतो. बयाबाई बटण दाबतात. नानांच्या चाळीत वास नाही, आणि नाना बटणाला हातही लावत नाहीत. "तू बघत असशीलच की," म्हणतात. सगळं छान आहे म्हणून कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून पेटी मरते!

२० ऑगस्ट

दुरुस्ती किती? एक उद्गारचिन्ह. योग्य जागी ते घातलं की भाषेला कळतं : आत्ता कर, मागे ठेवू नको. दीड महिन्यानंतर एक टिंब आणि एक रेघ! बाराही पेट्यांत पाठवलं. आलेख आता सपाट, संध्याकाळच्या नदीसारखा. बघत बसावंसं वाटतं.

२२ ऑगस्ट

पोळा. गेले नाही. दोनशे पेट्यांची यादी करत होते.

२८ ऑगस्ट

महेश सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. पुण्याची मुलं रद्द. उद्या नववा दिवस. मला काळजी नाही.

२९ ऑगस्ट

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी नानांची पेटी बंद.

आलेख काढला : सपाट. मेमरी रिकामीच्या रिकामी. मग शेवटचा निरोप दिसला. पेटीत छोटी बॅटरी आहे, लाइट गेली की ती तेवढं कळवून झोपते. आजवर नानांच्या पेटीने तो निरोप कधी पाठवला नव्हता. बयाबाईंची पेटी त्याच तारेवर, ती चालू. त्यांना फोन केला : मावशी, नानांच्या चाळीत जाऊन बघता का, लाइट आहे का?

"लाइट हाय. वायर काढून ठेवलीय." मग म्हणाल्या, "ललिता, तुला बोलला नाय का गं तो? चाळीत कांदा कुठंय! पार जूनमधी लासलगावच्या बाजारात घालून आला. एकट्याच्यानं निवडनं होत नाय, कंबर धरते. पेटी तेवढी ऱ्हाऊ दिली. रोज पुसतो."

३० ऑगस्ट

काल लगेच नानांना फोन केला. पहिली रिंग. "पडली का बंद?" पडली नाना, वायर काढून परत लावा. "लावतो. फोन ठेवू नको हां." नाही ठेवत. खरवसाचं विचारलं, कंबरेचं विचारलं, एकटं जेवण जातं का ते विचारलं. हिरवा दिवा लागलेला माझ्या स्क्रीनवर दिसत होता. नानांनाही दिसत असणार. पाऊण तास झाला, दोघांपैकी कुणीच तो विषय काढला नाही.

आत्ता सायखेड्याच्या बसमध्ये लिहितेय.