मेदेरचे फोटो

प्रिय जिपार,

सत्तावीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. माझा नवरा कुबात गेल्याचं कळल्यावर तू बिश्केकहून माझं सांत्वन केलंस, तेवढ्यानंच मान खाली गेली. पुढे लिहिलंस, “मेदेरदादाचा अफगाणिस्तानातला एखादा फोटो कुबातच्या सामानात असला तर पाठव. आमच्याकडचे सगळे आईनं फाडले.”

होते गं. त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला रीतीप्रमाणे घोडी कापली, माणसं जेवून गेली, आणि मी त्याची लष्करी पेटी उघडली. एका फोटोत तुझा भाऊ कुबातच्या गळ्यात हात टाकून रणगाड्यावर बसलाय, कलिंगड खातोय, कॅमेऱ्याकडे बिया थुंकतोय. खाली कुबातच्या जबाबाची प्रत होती: शिपाई मेदेर हत्यार टाकून आपल्या पायांनी शत्रूकडे गेला. आणि त्याच्याच हातचं एक पत्र होतं, तुझ्या आईला लिहिलेलं, कधीच न टाकलेलं. त्यात खरं काय ते होतं: मेदेरच्या मांडीत गोळी घुसली होती. ओढ्यात पडून तो कुबातला हाका मारत होता. कुबात पळाला. टेकडीवर लपून दुपारपर्यंत त्या हाका ऐकत राहिला. जखमी सोबत्याला टाकून आल्याची शिक्षा चुकवायला त्यानं तो जबाब दिला.

त्या जबाबापायी तुझ्या वडिलांची शाळेतली नोकरी गेली, तुझं ठरलेलं लग्न मोडलं. तुझी आई बाजारात दही विकायला बसली, तेव्हा “गद्दाराच्या आईचं दही, आंबणारच!” असं मीच म्हणाले होते. बायका खिदळल्या. तीही कसनुशी हसली.

सगळं मी आझमतपुढे ठेवलं. माझा मुलगा गावप्रमुखाच्या निवडणुकीला उभा आहे. शनिवारी शाळेला युद्धवीर म्हणून त्याच्या बापाचं नाव देणार आहेत. तो म्हणाला, “आई, त्या मेलेल्याला आता काय फरक पडतो? मला पडतो.” कागद त्यानं लोखंडी दाराच्या बंद शेगडीत घातले. फोटोही घातले, कारण प्रत्येकात दोघं गळ्यात गळा घालून होते. शेगडीचं दार जाम झालं होतं, त्याला उघडेना. मी उघडून दिलं.

तेव्हा फोटो नाही, जिपार. तुझा भाऊ गद्दार नव्हता, एवढंच देते. तुझ्यासाठी लिहितेय असं म्हणणार होते, पण खोटं कशाला? हे एकटीनं पोटात ठेवून जगवत नाही, म्हणून अर्धं तुझ्या पदरात टाकतेय. शनिवारी मी पहिल्या रांगेत बसेन, टाळ्या वाजवेन. हे पत्र घेऊन तू गावात आलीस, तर सगळ्यांदेखत सांगेन, हे अक्षर माझं नाही.

तुझीच,
बुरुल