एक्केचाळीस सेकंदांचं पाणी

३ मार्च २०२५, सोमवार. सांता क्लारा

आले बाई एकदाची! आईनं दिलेली ही वही उघडायला मुहूर्त शोधत होते, तो आज सापडला. नवी नोकरी, नवी खोली, खिडकीबाहेर लिंबाचं झाड आणि त्याला खरीखुरी लिंबं. कोणी तोडत नाही. नागपूरला आमच्या गल्लीत असतं तर फांद्यासुद्धा उरल्या नसत्या.

आधीच्या नोकरीच्या गावचा, नेपरव्हिलचा, बर्फ सुटला याचा आनंद आहेच, पण खरा आनंद व्हिसाचा. जानेवारीत तिथल्या कंपनीनं आम्हा चौदा जणांना एका ईमेलवर घरी पाठवलं. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर चंबूगबाळं आवरा. मला ही मिळाली सत्तावन्नाव्या दिवशी. तोवर आईशी बोलताना उगाच हसायची सवय लागली होती, ती आता मोडेन.

काम माझ्या आवडीचं आहे. मोठ्या संहारांतून वाचलेल्या माणसांच्या लांबलचक मुलाखती घ्यायच्या, त्यांचे तुकडे करायचे आणि पडद्यावर ते माणूस माणसाएवढं उभं करायचं. पाहुण्यानं प्रश्न विचारला की ते उत्तर देतं. शब्द त्याचेच. योग्य तुकडा योग्य प्रश्नाला लावणं हे माझं काम. आत्ताचा प्रकल्प हिरोशिमाच्या एका आजींचा आहे. त्या इथून वीस मिनिटांवर राहतात.

साहेब आपलाच, पुण्याचा गुरुनाथ. संघमित्रा हे नाव त्याला लांब पडतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्यानं माझं सॅम करून टाकलं. कापाकापीची हौस दांडगी दिसते. पण कॅफेटेरियात पोहे मिळतात, म्हणून आज सगळ्यांना माफ केलं.

६ मार्च, गुरुवार

आज किनुए आजी स्टुडिओत आल्या. वय ब्याण्णव, उंची माझ्या खांद्याएवढी. लग्न करून या देशात येऊन बासष्ट वर्षं झाली. त्यातली चाळीस वर्षं शेजाऱ्यांनाही कळू दिलं नाही की त्या बॉम्बमधून वाचल्या आहेत.

खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला आणि शेजारच्या टेबलावर ठेवला. दीड तासात एक घोट घेतला नाही. घसा कोरडा पडला तेव्हा मी तो पुढे केला, तर म्हणाल्या की हा माझा नाही, साचीचा आहे. आधी तिचा ग्लास, मग माझं बोलणं, असा त्यांचा नेम.

साची म्हणजे धाकटी बहीण, सहा वर्षांची. त्यांनी इंग्रजीत जे सांगितलं ते मराठीत शब्दाला शब्द इथे लिहून ठेवते, कारण संध्याकाळपासून दुसरं काही सुचलेलं नाही.

"आम्ही पुलाखाली बसलो होतो. साचीच्या पाठीवर कातडी राहिली नव्हती. माझ्या हातात वडिलांची पत्र्याची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. येणारं-जाणारं प्रत्येक मोठं माणूस सांगत होतं, भाजलेल्याला पाणी देऊ नकोस, मरेल. साचीनं अकरा वेळा मागितलं. मी मोजलं, कारण दुसरं काहीच करत नव्हते. मी दिलं नाही. सकाळी ती गेली. बाटली भरलेलीच होती. मी मोठ्यांचं ऐकलं."

पाणी हा शब्द तेवढा त्या जपानीत म्हणाल्या. मिझु. रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं एक्केचाळीस सेकंदांचं आहे. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, माझं लग्न काप, माझी बाग काप, हे कापू नकोस. मी म्हटलं, आजी, माझ्यावर सोडा.

आमच्या घरात पाण्याची गोष्ट कुणी मला समजावून सांगायला नको. आईचं माहेर महाडकडचं. तिचे आजोबा चवदार तळ्यावर होते. ओंजळभर पाण्यासाठी त्यांनी डोकं फोडून घेतलं.

१२ मार्च, बुधवार

डोकं फिरलंय. शाळेच्या मुलांना दाखवून चाचणी घेतली. एक्केचाळीस सेकंदांनंतर दोन मुली रडल्या आणि एका मुलानं विचारलं, हा बॉम्ब टाकला कोणी? शिक्षिका खाली बघत बसली. झालं, लगेच मीटिंग.

गुरुनाथचं म्हणणं असं की यार, लोक इन्स्पायर व्हायला येतात, गिल्ट घ्यायला नाही. प्रदर्शनाचं नाव ‘आशेचे आवाज’ आहे. बागेचा भाग छान आहे, तो वाढव, हा ड्रॉप कर. आणि तो ग्लास काय आहे मध्येच, रिफ्लेक्शन मारतो, तोही काढ. देणगीदारांच्या यादीत पहिलं नाव क्षेपणास्त्रांचे सुटे भाग बनवणाऱ्यांचं आहे, हे तो बोलला नाही. भिंतीवर लिहिलेलंच आहे, बोलायला कशाला हवं?

मी भांडले. चांगली वीस मिनिटं भांडले. मग तो हसून म्हणाला की तुम्ही लोक ना, कुठेही महाडचं पाणी आणता. खोलीत आम्ही दोघंच मराठी, बाकीच्यांना काही कळलं नाही. आणि त्याच दमात विचारलं, तुझ्या व्हिसाचे पेपर्स अजून मंजूर व्हायचेत ना?

मी कापलं. चित्रातून ग्लासही पुसला. त्या कोपऱ्यात आता नुसतं टेबल आहे.

१४ मार्च, शुक्रवार

आजींचा फोन आला. पाणी ठेवलंस ना, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ऐकू कमी येतं म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी आणखी मोठ्यानं हो म्हटलं.

दुपारी गुरुनाथनं मूळ फुटेज पुसायला लावलं. करारात आहे म्हणे, अंतिम चित्रावर सही झाली की कच्चा माल ठेवायचा नाही. बटण मी दाबलं.

१८ मार्च, मंगळवार

किनुए आजी काल गेल्या. झोपेतच.

आज रंगीत तालीम होती. गुरुनाथनं पडद्याला विचारलं, आजी, तुमचं आवडतं फूल कोणतं? आजी गप्प. चित्र अडकलं असं वाटलं, पण त्यांच्या पापण्या हलत होत्या. त्या रिकाम्या टेबलाकडे बघत होत्या. मग अगदी नीट उत्तर दिलं, कॅमेलिया. दुसऱ्या प्रश्नाला तेच. तिसऱ्याला तेच.

मी घड्याळ लावलं. दर वेळी एक्केचाळीस सेकंद.

अनीश म्हणून आमचा इंजिनिअर आहे, त्यानं सगळं तपासलं. नोंदीत उत्तर ताबडतोब दिलेलं दिसतं, मध्ये थांबणंच नाही. इंटरनेटचा प्रॉब्लेम असेल म्हणाला. इथे सगळ्या पापांचं खापर इंटरनेटवर फोडतात.

२० मार्च, गुरुवार

आज चवदार तळ्याचा दिवस. आमच्याकडे या दिवशी तांब्या भरतात, बुद्धवंदना होते आणि मग एकेक जण ओंजळीनं पाणी पितो. नियम एकच, आधी शेजारच्याला द्यायचं. स्वतः पहिलं प्यायचं नाही. इथे शेजारी कोणी नाही, म्हणून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि ग्लास उचलला.

आई म्हणाली, अगं पी की. मी म्हटलं, प्याले ना. ती म्हणाली, कुठे प्यालीस? ग्लास ओठांशी धरून नुसती बसून होतीस, डोळे उघडे, पदराचा वारा घातला तरी हलेना असं ध्यान. बराच वेळ. मी तीनदा हाक मारली.

ग्लास भरलेला होता. माझ्या जिभेला पाणी लागलं नव्हतं.

कॉलची वेळ पाहून हिशेब लावला. लिहायला नको, कळलंच असेल.

२६ मार्च, बुधवार

आतापर्यंत चार वेळा. चहा चालतो, ताक चालतं, साधं पाणी उचललं की मी जाते आणि परत येते तेव्हा ग्लास भरलेला. पहिल्या तीन वेळी त्या मधल्या काळातलं काही आठवत नव्हतं. आज आठवलं. लहान मुलीचा आवाज, अगदी जवळून. एकच शब्द.

मिझु.

दिवसाढवळ्या, अकरा वाजता, ऑफिसच्या स्वयंपाकघरात. बाहेर ऊन, लोक केक कापत होते.

गुरुनाथकडे गेले. म्हटलं तो तुकडा परत लावू. तो म्हणाला, लावायला आहे कुठे? तूच डिलीट केलंस. आणि तू जरा ब्रेक घे, पण अकरा एप्रिलच्या ओपनिंगनंतर, देणगीदार येतायत.

खरं आहे. मीच केलं. मला त्याचा राग येतो त्याच्या दुप्पट माझा येतो. त्यानं नुसतं सांगितलं. पणजोबांनी एका ओंजळीसाठी डोकं फोडून घेतलं आणि त्यांच्या पणतीनं एका टिचकीत एका पोरीचं पाणी तोडलं. तेही कागदांसाठी!

२ एप्रिल, बुधवार

सात. आता चहासुद्धा नाही. संत्री खाते, कलिंगड खाते. दर वेळी आवाज जास्त बारीक होतोय.

पडद्यावरच्या आजी आता टेबलाकडे बघत नाहीत. माझ्या खुर्चीकडे बघतात. मी खुर्ची बदलली. मान वळली.

अनीशनं पाहिलं. लॅपटॉप मिटून घरी गेला.

७ एप्रिल, सोमवार

आठ. नऊ.

संत्र्याच्या फोडी तोंडात कोरड्या लागतात, नुसता चोथा. ओठ फाटलेत. खोलीत अकरा ग्लास आहेत, सगळे भरलेले. मी भरलेले नाहीत. मी सकाळी चारच भरले होते.

९ एप्रिल, बुधवार

क्लिनिकमध्ये नेलं अनीशनं. शरीरातलं पाणी संपत आलंय म्हणाले. सलाईन लावलं. दोन तास थेंब पडत होते, मी बघत होते — पिशवी भरलेलीच. नर्सनं सुई तपासली, नळी बदलली, पिशवी बदलली. दुसरीही तशीच. शेवटी ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी चोरते आहे.

तिथेच दहावी वेळ. यात शब्द पूर्ण आला नाही. मि— एवढंच.

एक उरली.

मोठे सांगतात आणि आपण ऐकतो. पाणी देऊ नकोस. तो भाग ड्रॉप कर. काल कोणी, आज कोणी. आणि सकाळी मूल मेलेलं असतं, आणि मोठे जेवायला गेलेले असतात! मला ओरडायचंय, पण घशातून आवाज येत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

ऑफिसात गेले. सगळे उद्याच्या फुलांची व्यवस्था बघत होते. स्टुडिओत बसून वहीतलं सहा मार्चचं पान उघडलं आणि आजींचे शब्द माझ्या आवाजात रेकॉर्ड केले. इंग्रजीत, आणि मराठीतही. फाटका आवाज आहे. असू दे. त्यांचा तुकडा होता तिथे नेऊन लावला. आता आजींना काहीही विचारा, फूल विचारा, बाग विचारा, आधी हेच येईल.

ग्लासही चित्रात परत रेखाटला. टेबलावर, कोपऱ्यात.

लावून झालं तेव्हा आजींनी माझ्यावरची नजर काढली. ग्लासाकडे बघितलं. रिफ्लेक्शन मारत होता —

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळचे नऊ. गुरुनाथचा मेसेज. कळलंय. माझा ॲक्सेस बंद, तुकडा काढायला माणूस बसवलाय, दहाला दारं उघडायच्या आत निघेल. नोकरी गेली. साठ दिवस सुरू, त्यानं आठवणीनं लिहिलंय.

काप म्हणावं. ही वही कागदाची आहे, इथे त्याचं बटण चालत नाही. सहा मार्चचं पान अनीशला फोटो काढून पाठवलं, आईला पाठवलं. आई, मोठ्यानं वाच. सगळ्यांना बोलावून वाच.

नऊ वाजून वीस.

ती आलीय.

टेबलाच्या पलीकडे. पाठ खिडकीकडे आहे तिची, मी पाठीकडे बघणार नाही. ऊन आहे चांगलं. लिंबं दिसतायत. तोंड उघडते आणि आवाज नाही — अकरावी —

दिलं तर मरते म्हणाले. नाही दिलं तरी मेलीच ना? ऐंशी वर्षं मागतेय पोर —

ग्लास माझ्या हातात आहे. भरलेला. आधी शेजारच्याला द्यायचं. आमचा नियम आहे, मी विसरले होते. पहिल्या दिवसापासून मी स्वतःच प्यायला बघत होते —

घे बाळा. मोठ्यांचं ऐकू नकोस. दोन्ही हातांनी धर, जड आहे. सावकाश —

पितेय. ग्लास उतरतोय, अर्धा — आई, ग्लास उतरतोय, ती पि